उत्तर: स्टीलवर फिडल वाजवायला जातो आणि ऑर्गन वाजतो

तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: स्टील म्हणजे पेडल स्टील गिटार, समोर आडवी ठेवलेली; तारांवर लोखंडी बार फिरवून, पायाखालची पेडलं दाबून आणि गुडघ्याने नी-लिव्हर ढकलून तिचे सूर बदलतात. फिडल म्हणजे कंट्री संगीतातलं व्हायोलिन. बँडमधला फिडलवाला सोडून गेला, 'स्टील आहे ना, तूच वाजव' म्हणत बाकीच्यांनी गाण्यांच्या सुरुवातीचे तुकडे तुमच्या गळ्यात टाकले, तुम्ही व्हॉल्यूम पेडलने (आवाज लहान-मोठा करणाऱ्या पायातल्या पेडलने) पिकचा, म्हणजे बोटातल्या नखीचा, टणत्कार लपवायला गेलात आणि आवाज ऑर्गनसारखा झाला; शिवाय ते पेडल खाली घेतलं की आवाज घुसमटतो आणि वर नेताना करकरतो. वर दुकानातल्या रिपेअरवाल्याने सांगितलं की पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणारा भाग) कमजोर आहे, बदलून घ्या, आणि सोबत व्हायोलिनच्या आवाजाचा एक इफेक्ट पेडलही घ्या. यातलं शेवटचं वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला. कृपा करून अजून पैसे देऊ नका.

आधीच सांगतो, मी डॅलसच्या आसपास डान्स हॉलमध्ये शनिवार-रविवार वाजवणारा माणूस आहे. स्टुडिओतला नाही, इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार तर नाहीच. माझी गिटार दहा तारांची, ई-नाइन ट्यूनिंग (तारा ई-नाइन कॉर्डच्या सुरांवर लावलेल्या), इमन्स पद्धतीची पेडलं, म्हणजे डावीकडून ए, बी, सी. तुमची डे पद्धतीची, म्हणजे उलट क्रमाची, असतील तर ए आणि सी पेडलांची अदलाबदल करून वाचा. ब्लॉकिंग (वाजलेली तार हाताने थांबवणं), बार धरणं वगैरे सोडून देतो. ते येत नसतं तर तुम्हाला बँडमध्ये बसवलंच नसतं.

माझं मत ठाम आहे: फिडलचा भास निम्म्याहून जास्त गजामुळे होतो. कुठला सूर नव्या गजाने सुरू झाला आणि कुठले सूर त्याच गजात बांधून आले, हे ऐकणाऱ्याच्या कानाला नकळत समजतं. आपण काय करतो, तर प्रत्येक सुराला पिक मारतो आणि प्रत्येक पिकमागे व्हॉल्यूम पेडल उघडतो. मग प्रत्येक सूर फुगत येतो. तुमचा ऑर्गन तिथून येतोय, पिकअपमधून नाही.

ज्या फिडलवाल्याचा तुकडा उचलायचाय त्याचं रेकॉर्डिंग अर्ध्या वेगाने ऐका आणि कागदावर फक्त गजाच्या खुणा करा, सूर नंतर. मग नियम एकच: गज बदलला तिथेच पिक. मधले सूर सूर बदलणाऱ्या पेडलांनी, नी-लिव्हरने, नाहीतर बार पटकन पुढच्या फ्रेटवर नेऊन काढायचे. बार ओढत नेऊ नका. फिडलवाल्याची बोटं तारेवर टपटप पडतात, घसरत जात नाहीत. गजाननबुवा जोशी किंवा व्ही. जी. जोग यांचं व्हायोलिन कानात मुरलेल्या आपल्यासारख्या माणसाला इथे फार आवरावं लागतं. तिथे मींड म्हणजे प्राण. टेक्सासच्या फिडलमध्ये ती सुराच्या तोंडाशी जराशी असते आणि लगेच संपते. व्हायब्रेटोचंही (सूर थरथरवण्याचंही) तेच. सूर सरळ धरा, लांबला तरच शेवटी बार हलवा, तोही थोडाच.

व्हॉल्यूम पेडल शून्यावरून उघडू नका. गज तारेला भिडतो तेव्हा एक बारीक खरखर होते, ती हवी. मी पेडल साधारण एक तृतीयांश उघडं ठेवून पिक मारतो, लगेच वर नेतो आणि सूर विझायला लागला की आणखी थोडं उघडतो. पिक शक्य तितकी ब्रिजजवळ मारा. संथ वॉल्ट्झ असेल तर तर्जनीचं पिक काढून नुसत्या बोटाने वाजवून बघा, मला ते आवडतं. सगळ्यांना आवडेल असं नाही.

आता तुम्ही विचारलेली मुख्य गोष्ट, म्हणजे शफल (झुलत्या ठेक्याच्या) गाण्यांची सुरुवात. १९५० च्या दशकात फिडलवादक टॉमी जॅक्सन यांनी कंट्री गायक रे प्राइसच्या गाण्यांना जी फिडल दिली तिचा ठसा अजून गेलेला नाही. त्यातली एक युक्ती अशी की एक तार मोकळी ठेवायची, शेजारच्या खालच्या तारेवर बोट सरकवत आणून तोच सूर काढायचा आणि दोन्ही तारा एका गजात घासायच्या. ही युक्ती ई-नाइनवर जशीच्या तशी बसते. तिसऱ्या फ्रेटवर पहिली आणि चौथी तार एकत्र छेडा. पहिली ए देते, चौथी त्याखालचा जी. आता डावा पाय सी पेडलवर सावकाश दाबा. चौथी चढत जाऊन त्याच ए ला मिळते. हा बरोबर फिडलच्या मोकळ्या ए तारेचा सूर, ४४० हर्ट्झ. दहाव्या फ्रेटवर हेच केलंत तर फिडलची मोकळी ई. पेडल एका झटक्यात दाबलंत तर मजा गेली. दोन सूर एकमेकांना घासत जवळ येतात तेवढ्या क्षणातच फिडल ऐकू येते. हे जमतं कारण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टीलवादक बडी इमन्स यांनी या ट्यूनिंगमध्ये वर एफ शार्प आणि डी शार्प अशा दोन तारा घातल्या. त्या माणसाचे उपकार मी रोज मानतो.

इथे एक गाठ आहे. पहिल्या तारेचा एफ शार्प पाचव्या तारेच्या बी शी शुद्ध जुळवला आणि सी पेडलचा एफ शार्प बी पेडलने मिळणाऱ्या ए शी शुद्ध जुळवला, तर हे दोन एफ शार्प एकच राहत नाहीत. त्यांच्यात साधारण २२ सेंटचा फरक पडतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). ४४० च्या आसपास तो सेकंदाला पाच-सहा लहरी होऊन ऐकू येतो. मी दोन्ही तारा एकत्र वाजवून कानाने एक करतो आणि बी-सी पेडलांच्या कॉर्डमध्ये थोडा तोटा सोसतो. बँडमध्ये फिडल असती तर कदाचित उलटं केलं असतं.

आणि आता ते दुकान. नाव घेत नाही, घेण्यात अर्थही नाही. माझी तक्रार तुमच्यासारखीच होती: व्हॉल्यूम पेडल खाली घेतलं की आवाज घुसमटतो, वर नेताना करकरतो. काउंटरवरच्या माणसाने गिटार केसमधून बाहेर काढायच्या आधीच निदान केलं, पिकअप गेलाय. कित्येक आठवडे गिटार त्यांच्याकडे पडून. परत आली तेव्हा पिकअपवर जास्त वेढे घालून तो पुन्हा गुंडाळलेला. आवाज मोठा पण वरची सगळी चमक गेलेली, आणि चमक गेली की फिडल कुठून येणार? तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. बिलात 'ॲडजस्टमेंट' अशी एक ओळ होती. त्या एका शब्दाखाली त्यांनी सी पेडलचे रॉड (पेडलची ओढ तारेपर्यंत नेणाऱ्या सळ्या) बेल क्रँकच्या, म्हणजे त्यांना ओढणाऱ्या तरफेच्या, दुसऱ्याच भोकात घातले होते. पेडल हलकं झालं खरं, पण चौथी तार एफ शार्पपर्यंत पोहोचेचना. गिटारच्या टोकाच्या पट्टीवरचा, सूर जुळवायचा नायलॉनचा नट आवळला की उघडी ई चढायची, सैल केला की वरचा सूर खाली. शिवाय सगळ्या तारा आणि सगळी पेडलं ट्यूनरवर डोळे मिटून शून्यावर, म्हणजे पियानोसारख्या समान अंतरांवर, लावलेली. शून्यावर लावून उत्तम वाजवणारे लोक आहेत, त्यांच्याशी माझा वाद नाही. पण थोडा ओव्हरड्राइव्ह (आवाज किंचित फाडणारा इफेक्ट) लावून दोन तारांचा थर्ड (सा-ग सारखं अंतर) वाजवायचा असेल तर तो थर्ड शुद्धच लागतो, नाहीतर नुसती गुरगुर होते. मी जी शार्प १४ सेंटच्या आसपास उतरवतो. हे मी त्यांना सांगून आलो होतो, चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. चिठ्ठी केसमध्ये तशीच घडी घातलेली मिळाली. फोन केला तर म्हणे पेडल स्टील आमच्याकडे वर्षात एखादं येतं. मग घेता कशाला! याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. एका जुन्या स्टीलवाल्याने हॉलमध्ये गिटार उलटी करून टॉर्च मारली आणि रॉड पुन्हा जागेवर बसवले, एक पैसा न घेता.

म्हणून सांगतो, गिटार कोणाच्याही हातात देण्याआधी खालच्या सगळ्या रॉडचे फोटो काढून ठेवा.

मुळात बिघडलं होतं काय, तर व्हॉल्यूम पेडलमधलं ५०० के (किलो-ओहम) चं पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारा फिरता रेझिस्टर, झिजलं होतं. करकर त्याची. घुसमट मात्र बिघाड नाही; पॉटचं पेडल थेट पिकअपला जोडलं की खाली घेताना आवाजातला वरचा, चमकदार भाग लांब केबल खाऊन टाकते. पिकअप आणि पेडल यांच्यामध्ये एक साधा बफर (सिग्नल केबलमध्ये विझू न देणारं छोटं सर्किट) घाला. नव्या पिकअपच्या मानाने तो फार स्वस्त पडतो.

ओव्हरड्राइव्ह वापरणार असाल तर तो बफरनंतर पण व्हॉल्यूम पेडलच्या आधी ठेवा. पेडलनंतर ठेवलात तर सूर स्वच्छ सुरू होऊन फुगताना खरखरीत होत जातो, आणि असं फिडल कधीच करत नाही. आधी ठेवलात की पिकचा दणका तिथेच दबतो, सुराचा पोत सारखा राहतो आणि पाय फक्त लहान-मोठं करतो. यामागचं कारणही पटण्यासारखं आहे. गजाखालची तार करवती लहर देते, तिच्यात सगळे हार्मोनिक्स भरलेले असतात आणि गज चालू आहे तोवर टिकतात, हे हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकातच दाखवलं. छेडलेल्या तारेत वरचे हार्मोनिक्स सगळ्यात आधी मरतात. थोडा ओव्हरड्राइव्ह ते परत आणतो. थोडाच हं. स्टीलवादक स्नीकी पीट क्लायनोने स्टीलवर दणदणीत फझ (आवाज पार फाडणारा इफेक्ट) वापरला, ते वेगळं संगीत. डिले बंद, रिव्हर्ब अगदी कमी. इक्वलायझरवर २०० हर्ट्झच्या खाली कापा, अडीच-तीन हजारांच्या आसपास किंचित वर करा.

फिडलची सगळ्यात खालची तार जी, म्हणजे १९६ हर्ट्झ. आपल्या आठव्या तारेवर तो सूर तिसऱ्या फ्रेटला येतो. फिडलचा तुकडा वाजवताना त्याच्या खाली एकदाही उतरू नका, नववी-दहावी तार विसरून जा. चुकून एक खालचा सूर लागला की सगळा भास जातो. आणि तिसऱ्या तारेचे, ०.०११ चे, दोन-तीन जोड जवळ ठेवा, तीच आधी तुटते.

तो व्हायोलिनचा इफेक्ट पेडल मी वाजवून बघितलाय. एकेका सावकाश सुरावर बरा, दोन तारा एकत्र घेतल्या की गडबडतो, आणि आपलं निम्मं काम दोन तारांचंच. पुढे कोणी चांगला काढेलही. तोवर ऐकायचंच असेल तर वॅन शिप्ली ऐका; मुंबईत राहून व्हायोलिन आणि हवाईयन गिटार दोन्ही वाजवणारा माणूस. त्यांच्या गिटारमध्ये पेडलं नाहीत, पण सूर धरून ठेवायची पद्धत बघा.

एक मल्टिमीटर घ्या, पिकअपचा रेझिस्टन्स मोजा आणि इथे लिहा. सिंगल कॉइलचा १७-१८ के च्या आसपास आला तर पिकअपला हात लावू देऊ नका. आणि व्हॉल्यूम पेडल कुठलं आहे तेही लिहा, पॉटवालं की ऑप्टिकल (पॉटऐवजी प्रकाशावर चालणारं). ऑप्टिकल असेल तर वरचं पॉटचं सगळं तुम्हाला लागू नाही, मग करकर दुसरीकडे शोधावी लागेल; मी आधी केबलचे जॅक बघेन.