प्रोजेक्ट चौघांचा, राबते एकटीच

"मॅडम, प्रोजेक्ट चौघांचा आणि राबते माझी एकटी पोरगी. बाकीच्यांना फुकटचे मार्क!" कोल्हापूरच्या राजारामपुरीतून माझ्याकडं आलेल्या आईचा संताप खरा होता. मुलगी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, विषय पंचगंगेच्या पाण्याची तपासणी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

मी ग्रुपचं व्हॉट्सअ‍ॅप बघायला मागितलं. "कोण काय करणार?" या तिच्या प्रश्नाखाली तीन अंगठे, पुढे काहीच नाही. नंतर एका मुलानं राजाराम बंधाऱ्याजवळच्या पाण्याचा तक्ता पाठवलेला. हिनं तो न विचारता रात्रीत नव्यानं लिहिला. तेव्हापासून तो गप्प. पुढं चौघांना बोलावलं तेव्हा तो म्हणाला, "ती परत लिहिणारच की, मग मी कशाला मरू?"

पालक याला सरसकट आळस म्हणतात. मला ते पटत नाही. फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमान यानं 1913 मध्ये दोर ओढण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. माणसं वाढली तसा एकेकाचा जोर घटत गेला. पण त्यात अंग राखणं हे एकच कारण नसतं. सगळ्यांची ओढ एकाच क्षणी लागत नाही, हेही असतं. फिनलंडच्या सान्ना यार्वेला आणि कॅनडाच्या अ‍ॅलिसन हॅडविन या संशोधक याच्याही पुढं जातात. स्वतःचा अभ्यास स्वतः सांभाळणं वेगळं, आणि ध्येय काय, गाडी कुठं अडली, आता काय बदलायचं हे गटानं मिळून ठरवणं वेगळं. या गटात सगळा बेत हिच्या एकटीच्या डोक्यात होता.

मी चौघांना कोरे कागद दिले. "प्रोजेक्ट चांगला झाला म्हणजे काय झालं?" हिनं लिहिलं, 'वर्गात पहिला'. तक्तेवाल्यानं, 'तोंडी परीक्षेत उत्तरं देता आली पाहिजेत'. एकीनं, 'घाटावर दाखवता येईल असं यंत्र'. चौथ्यानं, 'पास'. कागद फिरले तशी चौघंही एकमेकांकडं बघत राहिली. इतके महिने हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं! त्या दिवशीचा बाकी सगळा वेळ आम्ही यावरच घालवला.

मग ठरलं, दर शनिवारी पंधरा मिनिटं बसायचं. काय ठरलं होतं, कुठं अडलं, हे वहीत उतरवायचं. कंटाळा आलाय, राग आलाय, हेसुद्धा बोलायचं. आणि दुसऱ्याचं लिखाण आपण दुरुस्त करायचं नाही, शेरा मारून परत द्यायचं. ही अट हिला सगळ्यात जड गेली. "वेळ जातो ना मॅडम!" जातो. चार मार्क गेले तरी चालतील, असं मी आईसमोरच सांगितलं.

तक्तेवाला परत आला. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं काम त्यानं आपणहून घेतलं. यंत्राचं छोटं मॉडेलही उभं राहिलं. चौथा मात्र शेवटपर्यंत फिरकला नाही. तिघांनी आधी त्याला सांगितलं आणि मगच शनिवारची वही सरांना दाखवली. सरांनी त्याची तोंडी परीक्षा वेगळी घेतली.