अमेरिकन गायिका लॉरेटा लिन गावातल्या गाण्यांपासून कंट्री (अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं संगीत) चार्टपर्यंत कशी पोहोचली?

रेडिओमुळे, आणि तोही स्वतः दारोदार फिरून मिळवलेला. वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टरमध्ये राहून ती आसपासच्या बारमध्ये गायची. १९६० मध्ये झीरो रेकॉर्ड्स या नवख्या कंपनीने 'आय अ‍ॅम अ हाँकी टाँक गर्ल' काढलं. मग नवरा-बायको गाडीतून एकेका रेडिओ केंद्रावर गेले आणि निवेदकांना रेकॉर्ड वाजवायला लावली. गाणं बिलबोर्ड या अमेरिकन संगीत मासिकाच्या कंट्री यादीत १४व्या क्रमांकावर गेलं, त्याच वर्षी ग्रँड ओल ऑप्री या नॅशविलच्या नामांकित कंट्री रेडिओ कार्यक्रमाचा मंचही मिळाला. फक्त, ही निव्वळ जिद्दीची गोष्ट समजू नका: रेकॉर्डिंगचे पैसे एका लाकूड व्यावसायिकाने घातले होते, आणि यादीत पहिला क्रमांक मिळायला डेक्का या रेकॉर्ड कंपनीत १९६७ उजाडलं.