ऑफर लेटरमध्ये साडेसहा लिहिलंय

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदार वडिलांचं पत्र आलंय. ते थोडक्यात असं: "मुलगी बी.कॉम. झाली, टॅलीही केलं. नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या एका ऑफिसात बॅक ऑफिसला लागली. पगार १६,००० ठरला. वेळ साडेनऊ ते साडेसहा, रविवार सुट्टी, असं ऑफर लेटरवर होतं. पाचव्या दिवसापासून रोज नऊपर्यंत थांबवायला लागले आणि एक रविवार आड ट्रेनिंगला या म्हणाले. तिनं ऑफिसच्या ग्रुपवर विचारलं, ‘सर, ऑफर लेटरमध्ये साडेसहा लिहिलंय. रोज थांबायचं असेल तर ओव्हरटाइम मिळेल का? रविवारची बदली सुट्टी कधी?’ दुसऱ्या दिवशी, म्हणजे अकराव्या दिवशी, पाच वाजता साहेबांनी बोलावून सांगितलं की तुम्ही आमच्या कल्चरमध्ये बसत नाही, उद्यापासून येऊ नका. कार्ड काढून घेतलं. सीबीएस बसस्थानकावर पोचायच्या आत ग्रुपमधूनही काढलं. घरात सगळे म्हणतात, नवीन नोकरीत तोंड उघडायला नको होतं. मीही रागावलो. आता ती खोलीतून बाहेर येत नाही. तिला घेऊन साहेबांची माफी मागायला जाऊ का? आणि पुढच्या नोकरीला हे आडवं येईल का?"

भाऊ, माफी मागायला जाऊ नका.

तुम्ही बागायतदार आहात म्हणून तुमच्याच शिवारातलं सांगते. छाटणीपासून जपलेली बाग बघायला व्यापारी येतो. तुम्ही दर विचारता, पैसे रोख की चेकने, किती दिवसांत, हेही विचारता. यावर जो व्यापारी "भाऊ, विश्वास नाही का?" म्हणून चिडतो, त्याला तुम्ही माल देता का? निफाड-दिंडोरीत त्या एका वाक्यावर कितीजणांचे पैसे बुडाले, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या लेकीनं दरच विचारला, तोही कागदावर लिहिलेला. नऊला सुटल्यावर पिंपळगावची बस कधी मिळणार आणि फाट्यावर मोटरसायकल घेऊन उभ्या असलेल्या वडिलांना किती वाजणार, हा हिशोब तिच्या डोक्यात असणारच. यात उर्मटपणा मला कुठेच दिसत नाही.

हे मी नुसतं धीर द्यायला म्हणत नाही. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बरीच वर्षं एचआरमध्ये होते. दिंडोरीकडचा एक डिप्लोमा झालेला मुलगा ट्रेनी म्हणून लागला होता. तिसऱ्या आठवड्यात त्यानं सुपरवायझरला विचारलं, की दुसरी पाळी संपल्यावर लगेच सकाळची पाळी का लावता? सुपरवायझर माझ्याकडे येऊन म्हणाला, "हा आत्ताच बोलतोय, उद्या युनियन करेल. काढा." त्याला कमी करण्याचं पत्र मीच टाइप केलं, ‘काम समाधानकारक नाही’. हजेरीपत्रक माझ्या टेबलावरच होतं, त्यात एक खाडा नव्हता. पत्र हातात घेऊन त्यानं एवढंच विचारलं, "मॅडम, माझं काम कुठं चुकलं ते सांगा, पुढच्या ठिकाणी सुधारेन." मला सांगता आलं नाही, कारण काही चुकलंच नव्हतं. तो मुलगा मी आजही विसरलेले नाही. म्हणून सांगते, ‘कल्चरमध्ये बसत नाही’ हे शब्द तुमच्या मुलीच्या कामाबद्दल काहीही सांगत नाहीत. टेबलाच्या पलीकडे बसून तसले शब्द मी लिहिलेत.

आता पोरी, इथून पुढचं तुझ्यासाठी. बाबांना वाचून दाखवायला सांग किंवा स्वतः वाच.

नोकरी परत मिळवायला भांडावं का? माझं मत, नाही. प्रोबेशनमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या पारखण्याच्या काळात, कमी करण्याची मुभा बहुतेक कंपन्या नेमणुकीच्या कागदातच लिहून ठेवतात. तुझं ऑफर लेटर काढ आणि नोटीस किती दिवसांची लिहिली आहे ते बघ. काही दिवस लिहिले असतील तर तेवढा पगार मागायचा हक्क तुला आहे. पण अकरा दिवसांच्या नोकरीसाठी तुझी पुढची दोन वर्षं कोर्टाच्या तारखांत जाऊ नयेत.

पगाराचं मात्र वेगळं आहे, तो सोडायचा नाही. कामावरून काढलं तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा, असं वेतन संहिता सांगते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यातली ही एक. १९३६ च्या जुन्या वेतन कायद्यातही हेच होतं, म्हणजे मालकांना ही काही नवी गोष्ट नाही. जादा थांबवलं तर त्या तासांना दुप्पट दर आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, हेही कायद्यातलंच आहे. म्हणजे तू ग्रुपवर जे विचारलंस ती मेहेरबानी नव्हतीच.

आजच एक मेल कर. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी काम केलं, अमुक तारखेला पाच वाजता मला तोंडी कामावरून कमी केलं, ते लेखी द्यावं, अकरा दिवसांचा पगार आणि जादा तासांचे पैसे खात्यात जमा करावेत. बस. राग, टोमणे, ‘तुम्ही माझं आयुष्य’ वगैरे काही नको. ऑफिसचा मेल बंद झाला असेल तर स्वतःच्या मेलवरून पाठव. जादा थांबल्याचा पुरावा कुठून आणू, असं वाटेल तुला. पर्स उलटी करून बघ. एसटीच्या अर्ध्या तिकिटाच्या त्या चुरगळलेल्या चिठ्ठ्यांवर तारीख आणि वेळ छापलेली असते. "बाबा, निघाले" म्हणून केलेले फोनही मोबाइलमध्ये वेळेसकट आहेत. एका वहीच्या पानावर तारीखवार लिहून काढ आणि तिकिटांचे फोटो घे, कारण त्यावरची शाई लवकर उडते.

आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज द्यायचा. वकील हवा असं वाटलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, ते जिल्हा न्यायालयातच आहे, सीबीएसपासून चालत. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना तिथे मोफत मदत मिळते, वडिलांचं उत्पन्न कितीही असो. फोन करायचा तर १५१००. बऱ्याचदा अर्ज देण्याआधी मेलनेच काम होतं, कारण लेखी मागणारा माणूस पुढे जाईल हे समोरच्याला कळतं.

पुढच्या नोकरीत हे दिसेल का, हा बाबांचा प्रश्न. ग्रुपवर बावीस जण होते असं त्यांनी लिहिलंय. वीस किंवा त्याहून जास्त माणसं असली की पीएफ लागू होतो, तेव्हा तुझा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, काढला गेला असण्याची शक्यता आहे. पुढच्या महिन्याची १५ तारीख उलटली की उमंग या सरकारी ॲपवर जाऊन बघ, कारण पीएफ भरायची मुदत तीच असते. तिथे या कंपनीची नोंद दिसली तर बायोडेटात लपवू नकोस. नवी कंपनी तपासणीत ते बघते आणि अकरा दिवसांची नोकरी नव्हे तर ती लपवणं महागात पडतं. नोंद नसेल तर बायोडेटात लिहायची गरज नाही, पण कोणी थेट विचारलं तर खरंच सांगायचं. कसं? "तिथे अकरा दिवस काम केलं. कामाचे तास ऑफर लेटरपेक्षा वेगळे निघाले, मी त्याबद्दल विचारलं आणि आमचं जमलं नाही." इथे थांबायचं. साहेब कसे होते हे सांगायला लागलीस की समोरचा तुझ्याऐवजी त्या साहेबांचा विचार करायला लागतो. आरशासमोर नको, बाबांसमोर बसून म्हणून बघ. त्यांच्यासमोर आवाज कापला नाही तर कुठेच कापणार नाही.

एक गोष्ट मात्र मी तुला स्पष्ट सांगणार आहे. प्रश्न बरोबर होता, जागा चुकली. बावीस जणांसमोर विचारल्यावर साहेबांना उत्तरापेक्षा स्वतःचा मान मोठा वाटला. आधी केबिनमध्ये जाऊन विचारायचं, मग तेच दोन ओळींत मेलवर. याचा अर्थ तुला काढणं योग्य होतं असा अजिबात नाही. पहिल्याच नोकरीत हे कुणाला माहीत असतं? कॉलेजात ‘स्वतःबद्दल सांगा’ची तयारी आम्ही सगळे करून घेतो, ऑफर लेटर कसं वाचायचं हे कुणी शिकवत नाही. त्यात मीही आले. पुढच्या वेळी सही करण्याआधीच विचार: सुटायची खरी वेळ काय, महिनाअखेरीला किती थांबावं लागतं, रविवारी बोलावलं तर बदली सुट्टी कधी. आणि जमलं तर सहा-सातच्या सुमारास त्या ऑफिसखाली अर्धा तास उभी राहा. मुली किती वाजता बाहेर पडतात ते तिथेच दिसेल.

महिनाअखेरीला उशीर सगळीकडेच होतो, अकाउंट्समध्ये तर होतोच. तेवढ्यासाठी नोकरी सोडायची नाही. मी बोलतेय ते रोजच्या नऊबद्दल.

भाऊ, आता परत तुमच्याकडे. रागावलात असं तुम्ही स्वतःहून लिहिलंत, म्हणून हे लिहिण्याचं धाडस करते. तिच्या खोलीत जा आणि ते अकरा दिवस तिनं नेमकं काय काम केलं ते विचारा. बिलं जुळवली, जीएसटीच्या नोंदी केल्या, काय ते. काढून टाकल्यापासून हे तिला कुणीही विचारलेलं नसणार. मग दोघं मिळून मेल लिहा आणि पाठवण्याआधी एकदा मला दाखवा. तारखा मी तपासून देते.