सईला, मांजर आडवी जाण्याबद्दल

प्रिय सई,

शनिवारी ब्रिटिश म्युझियममधून परत येताना ट्यूबमध्ये तू विचारलंस, "आजी एवढी हुशार आहे, मग मांजर आडवी गेली की ती परत घरात का येते? इजिप्तमध्ये मांजरीची देवी होती. तुमच्याकडेच ती वाईट का?" मी "घरी गेल्यावर सांगते" म्हटलं आणि घरी आल्यावर भांडी घासत बसले. थोडं लागलं मला ते. बोलायला लागले की मी भरकटते, म्हणून लिहितेय. अडलं तर विचार.

राजापूरच्या घरात मांजर नाही असा काळ मला आठवत नाही. सगळ्या मन्या. एक गेली की दुसरी यायची, नाव तेच. मागच्या खोलीत भाताची कणगी होती, म्हणजे उंदीर होते, म्हणजे मनी हवीच. पण तिच्यावर भरवसा कोणाचाच नव्हता, म्हणून दूध शिंक्यावर. आजी धार काढून आली की आधी मनीच्या करवंटीत थोडं ओतायची आणि लगेच ओरडायची, "मेल्ये, नुसती पितेस, उंदीर कोण धरणार?" एकदा मनीने न्हाणीघरापाशी फुरसं मारलं. फुरसं म्हणजे विषारी साप, छोटा, पण भलताच चपळ. त्या दिवशी तिला बांगड्याचा अख्खा तुकडा मिळाला. मला शेपटीकडचा.

आणि हीच आजी सकाळच्या एसटीला निघाली आणि हीच मनी अंगणातून आडवी गेली, की परत पडवीत यायची. चप्पल काढायची, दोन घोट पाणी प्यायची, मग पुन्हा निघायची. आजोबा कातावायचे, "अगं, आपलीच मांजर आहे ती!" त्यावर आजी म्हणायची, "आपली असली म्हणून काय झालं?" ह्याला उत्तर आजोबांकडेही नव्हतं.

मामा फॅमिली ग्रुपवर ते 'शास्त्रीय कारण' पाठवतो ना, की पूर्वी रात्री मांजरीचे डोळे चमकले की गाडीचे बैल बुजायचे, म्हणून थांबायचं? असेलही. पण आजी दिवसाढवळ्या एसटीने जात होती. मला ते कारण मागाहून शिवलेलं वाटतं. तिची आई थांबायची म्हणून ती थांबते, एवढंच मला खरं माहीत आहे. ह्याने तुझं समाधान होणार नाही. माझंही होत नाही.

आता तुझी देवी, बास्तेत. सुरुवातीला ती मांजर नव्हतीच, तिला सिंहिणीचं तोंड होतं. मांजरीचं रूप कितीतरी शतकांनी आलं. तिचं मुख्य देऊळ नाईलच्या त्रिभुज प्रदेशात, बुबास्तिसला. इ.स.पू. ९४५च्या सुमारास तिथल्या घराण्यातला शेशोंक राजा झाला आणि देवीचंही प्रस्थ वाढलं. तू जिच्यासमोरून हलत नव्हतीस ती ब्राँझची मांजर, कानानाकात सोन्याच्या रिंगा घातलेली, त्यानंतरची, इ.स.पू. ६००च्या आसपासची. हिरोडोटस नावाचा ग्रीक लेखक बुबास्तिसच्या जत्रेबद्दल लिहितो: बायका-पुरुष होड्यांतून यायचे, बासऱ्या, खुळखुळे, टाळ्या, आणि वर्षभरात झाली नसेल एवढी दारू. लहान मुलं सोडून सात लाख माणसं जमतात, असं तिथले लोक सांगायचे म्हणे. घरातली मांजर मेली की घरची माणसं भुवया काढून टाकायची, हेही तोच सांगतो. इ.स.पू. ६०च्या आसपास डायोडोरस नावाचा दुसरा ग्रीक लेखक इजिप्तला गेला होता. एका रोमन माणसाच्या हातून चुकून मांजर मेली. राजाने त्याला वाचवायला अधिकारी पाठवले, रोमची भीती होती, तरी जमावाने त्या माणसाला सोडलं नाही. हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं असं तो लिहितो.

मुळात त्यांचंही धान्यच होतं, आणि उंदीर, आणि साप. सूर्यदेव रे मांजराचं रूप घेऊन अपेप नावाच्या महासर्पाला कापतो, असं चित्र त्यांच्या थडग्यांत आहे. ते पाहिलं आणि मला आमचं न्हाणीघर आठवलं.

पण वरच्या मजल्यावर पट्ट्यांत गुंडाळलेल्या मांजरांपाशी तू म्हणालीस, "किती लाडाने जपलंय," तेव्हा मी काही बोलले नाही. आता सांगते, वाईट वाटेल. त्यातली बरीचशी कोणाची लाडकी नव्हती. लोक देवीला वाहायला मांजरांच्या ममी विकत घ्यायचे, आणि त्यासाठी मांजरं मुद्दाम वाढवायचे. एक्स-रे काढले तर कितीतरी काही महिन्यांची पिल्लं निघाली, मान मोडलेली. काही गाठोड्यांत चार हाडंच. देवीला मांजर प्रिय, म्हणूनच ती मेली. पुढे इजिप्तमधल्याच बेनी हसन इथे अशा ममींचे ढीग सापडले आणि १८९० साली त्यातल्या सुमारे १९ टन ममी जहाजाने लिव्हरपूलला आल्या. कशाला? शेतात खत म्हणून. आणि तिकडे बेल्जियममधल्या ईप्र गावात १८१७पर्यंत जिवंत मांजरं मनोऱ्यावरून फेकत. आता दर तीन वर्षांनी कापडी फेकतात, मिरवणूक काढून.

हे सगळं वाचताना मला मनातून बरं वाटत होतं, कबूल करते. आमच्याकडे मांजर मारायची कोणाची छाती नव्हती. मारली तर सोन्याची मांजर करून काशीला दान द्यावी लागते म्हणायचे, आणि गुंजभर सोन्याला महाग होते सगळे. तुला हे ऐटीत सांगायचं ठरवलं होतं. मग पोतं आठवलं. मनीची पिल्लं जास्त झाली की घरातलं कोणीतरी ती पोत्यात भरून नदीपलीकडे सोडून यायचं. मारलं नाही ना, मग पाप नाही. मी रडायचे, आजी पदराने माझं तोंड पुसायची आणि पोत्याचं तोंडही तीच बांधायची. ह्यातली कुठली आजी तुला सांगू?

तू थांबायला पाहिजेस असं मला अजिबात वाटत नाही. मी मात्र शेजारच्यांचा करडा बोका आडवा गेला की पर्समध्ये किल्ल्या शोधते. किल्ल्या हातातच असतात, हे तू पाहिलं असणारच.

रविवारी आजीला फोनवर तूच विचार. एकदम 'का' म्हणू नकोस, आधी फुरशाची गोष्ट काढ, मग ती आपणहून तिथे येईल. भुवयांचं सांग तिला, खूप हसेल. लिव्हरपूलचं मात्र आत्ता नको. पुढच्या उन्हाळ्यात ती इथे यायला हवी आहे मला.

तुझी,
आई