ताट तैवानचं, शंका खान्देशातल्या

प्रश्न : कामानिमित्त ताइपेला जातोय. यजमान एका उंची रेस्टॉरंटमध्ये दहा कोर्सचं जेवण देणार आहेत. आम्ही जैन. 'मांस चालत नाही' असं कळवलंय. तेवढं पुरेल का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : नाही पुरणार. तेवढ्यावर मांसाचे तुकडे वगळले जातील, पण सूप कोंबडीच्या नाहीतर डुकराच्या हाडांचंच राहील. पालेभाजी डुकराच्या चरबीत परतलेली किंवा ऑयस्टर सॉस (कालवांचा सॉस) घातलेली असू शकते. सुकटही कुठे लपलेली असेल ते दिसत नाही. तिथला नेमका शब्द आहे 'सू', म्हणजे शाकाहारी. त्यातही 'छ्वेन सू' सांगा: मांस, मासे, अंडी, दूध नाही आणि कांदा-लसणासारखे पाच उग्र पदार्थही नाहीत. 'वू शिन सू' लिहिलेलं दिसलं तर टाळा, त्यात हे पाच चालतात. (बौद्धांच्या त्या पाचांच्या जुन्या यादीत आपला हिंगही येतो!)

मात्र खरी अडचण इथून पुढे आहे. बटाटा, गाजर, मुळा, आलं, अरवी हे सगळं 'छ्वेन सू'मध्ये बसतं, मशरूम तर हमखास असतं. म्हणून काय नको त्याची भाजीवार यादी यजमानांकडून चिनी लिपीत लिहून घ्या आणि निदान आठवडाभर आधी रेस्टॉरंटला पोचवा. सूप, सॉस आधीच तयार होतात. टेबलावर बसून सांगितलं तर स्वयंपाक्याच्या हातात फारसं काही उरत नाही. ताटात हुबेहूब चिकन दिसलं तर दचकू नका, ते सोयाचं किंवा गव्हाच्या ग्लुटेनचं असू शकतं. तरी एकदा विचारावंच.

दाराकडे तोंड असलेली जागा मानाच्या पाहुण्याची, तेव्हा यजमान दाखवतील तिथे बसा. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नका, ते मृतासाठी लावलेल्या उदबत्तीसारखं दिसतं. मद्याचे पेले उंचावताना 'गानबेई' म्हणतात, म्हणजे पेला रिकामा करा. चहाचा पेला उचलला तरी चालतं. बिलात बहुधा १० टक्के सेवाशुल्क असतं, वेगळी टिप लागत नाही. आणि भेट म्हणून घड्याळ नेऊ नका. 'घड्याळ देणं' आणि 'मरणाऱ्याला शेवटचा निरोप देणं' यांचा चिनी उच्चार एकच आहे.

प्रश्न : सूप भरलेले शाओलाँगबाओ (मोदकासारखे वाफवलेले डंपलिंग) घरी शाकाहारी केले. सूप गायब, तळ फाटलेला! काय चुकलं?
– एक वाचक, धुळे

उत्तर : मूळ पदार्थात सूप ओतत नाहीत. डुकराच्या कातडीचा घट्ट गोठलेला रस सारणात मिसळतात, वाफेवर तो वितळतो. तुम्ही बहुतेक पातळ सूपच भरलंत. २५० मिलि भाजीच्या पाण्यात दीड ग्रॅम चायना ग्रासची (अगर-अगर) पावडर घालून दोन मिनिटं खळखळ उकळा. नुसतं कोमट करून ती विरघळत नाही. गार झालं की बारीक चिरा. दोन वाट्या सारणाला एक वाटी जेली. सारणातल्या कोबीला मीठ लावून घट्ट पिळा, नाहीतर त्याचं पाणी पारी भिजवतं.

२०० ग्रॅम मैदा, १०० ते ११० मिलि पाणी, अर्धा तास झाकून ठेवा. १० ग्रॅमची गोळी लाटताना कडा पातळ, मध्य जाड. तळ फाटतो तो बहुधा इथेच. ताइपेच्या दिन ताई फुंग या रेस्टॉरंटमध्ये ५ ग्रॅमच्या पारीत १६ ग्रॅम सारण भरून १८ चुण्या घालतात. तो नाद सोडा, मोदकाचा हात असेल तर बारा छान जमतात. खाली तेल लावलेलं केळीचं पान घाला, तळ चिकटत नाही. मोठ्या आचेवर आठ मिनिटं.

चायना ग्रासचं सूप ४० अंशांच्या आसपास पुन्हा गोठू लागतं, म्हणून लगेच खा. चमच्यात ठेवून पारीला छोटं भोक पाडा, सूप ओढून घ्या, मग आल्याचा कीस आणि एक भाग सोया सॉसला तीन भाग व्हिनेगर. अख्खा तोंडात टाकलात तर टाळू भाजेल.