स्वयंसेवी कामाला अर्जात किती वजन असते?

ताई, आपली मुलगी अकरावीत वाणिज्य शाखेत आहे, तिला परदेशातील विद्यापीठांबरोबरच इंदूरच्या आयआयएममधील आयपीएमसाठीही, म्हणजे बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या एकात्मिक व्यवस्थापन अभ्यासक्रमासाठीही, प्रयत्न करायचा आहे, आणि एका सल्लागाराने सुचवलेल्या पंधरा दिवसांच्या सशुल्क सेवाशिबिराला तिला डोंगराळ भागात पाठवावे का, असे आपण विचारले आहे. मी निवृत्त होईपर्यंत इंदूरमध्येच अकरावी-बारावीला शिकवले आणि मुलांसाठी बरीच शिफारसपत्रे लिहिली. त्या अनुभवावरून माझे स्पष्ट मत असे की शिबिराचे पैसे वाचवावेत आणि मुलीने घरापासून सायकलने जाता येईल अशा ठिकाणी एकच काम धरून बारावीपर्यंत ते सोडू नये.

आधी हे काम कुठे मोजले जाते ते पाहू. जेईई आणि नीटच्या प्रवेशात त्याला स्थान नाही. तिथे गुणानुक्रमच चालतो. आयपीएमला लेखी परीक्षेनंतर मुलाखत असते, आणि अर्जात लिहिलेल्या कामाबद्दल तिथे उलटसुलट प्रश्न येऊ शकतात, याची तयारी ठेवावी. अशोकासारख्या खासगी विद्यापीठात निबंध आणि मुलाखत या दोन्हींत त्याचा उपयोग होतो. अमेरिकेतील पुष्कळ महाविद्यालये ज्या कॉमन ॲपवरून अर्ज घेतात, त्यात जास्तीत जास्त १० उपक्रम नोंदवता येतात. प्रत्येकाच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरचिन्हांची जागा असते आणि आठवड्याला किती तास, वर्षात किती आठवडे, हे वेगळे भरावे लागते. पंधरा दिवसांचे शिबिर या रकान्यात 'वर्षातले २ आठवडे' असे उतरते. ब्रिटनमधील विद्यापीठांसाठी यूकास या संस्थेमार्फत जो अर्ज करतात, त्यात २०२६च्या प्रवेशापासून एका सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न आले आहेत, आणि तिसरा प्रश्न शिक्षणाबाहेर काय तयारी केली व ती का उपयोगी आहे, हाच आहे. तिथे काम निवडलेल्या विषयाशी जोडून दाखवावे लागते. मात्र गुणपत्रिका कच्ची असेल, तर कुठेही सेवाकार्याने ती झाकली जात नाही.

हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विद्याशाखेच्या एका प्रकल्पाने जानेवारी २०१६मध्ये प्रवेशप्रक्रियेवर अहवाल काढला होता. विद्यार्थ्याने निदान नऊ महिने ते वर्षभर सातत्याने सेवा करावी, आणि घरच्यांसाठी उचललेली जबाबदारीही तितकीच मोलाची मानावी, अशी त्यात शिफारस आहे. कॉमन ॲपमध्ये कौटुंबिक जबाबदारी हा स्वतंत्र प्रकारच दिलेला आहे. आजीला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेणारी, धाकट्या भावाचा अभ्यास घेणारी मुलगी 'माझ्याकडे लिहिण्यासारखे काही नाही' असे म्हणते, तेव्हा मला फार वाईट वाटते.

आता एक उदाहरण. माझा एक विद्यार्थी बारावीत असताना बी.ए. करणाऱ्या एका दृष्टिहीन मुलीचा लेखनिक झाला. लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थीला नियमाने तासामागे किमान २० मिनिटे जादा मिळतात, म्हणून तीन तासांचा पेपर चार तास चालायचा. राज्यशास्त्राच्या पेपरात तिने 'इसलिए' असे सांगितले आणि याने आपल्या मते अधिक चांगला म्हणून त्याच अर्थाचा 'अतः' हा शब्द लिहिला. परिच्छेद संपल्यावर तिने तो वाचून दाखवायला सांगितला, तो शब्द ऐकताच थांबवले आणि 'उत्तर मेरा है' एवढेच म्हणून खोडायला लावले. त्याने खोडले, तिचा शब्द लिहिला, आणि पुढच्या सगळ्या पेपरांत प्रत्येक वाक्य झाल्यावर विचारूनच पुढे गेला. निबंधाचा पहिला खर्डा त्याने 'दिव्यांगांची सेवा करून मला समाधान मिळाले' या वाक्याने सुरू केला होता. मी त्याला 'अतः'चा प्रसंग लिही म्हटले. मदत करताना आपण दुसऱ्याचे बोलणे नकळत कसे आपले करून टाकतो, हे त्याने त्यात इतके नेमके मांडले की शिफारसपत्रात मला विशेषणांची गरजच पडली नाही.

आपली मुलगी वाणिज्याची आहे, म्हणून तिच्यासाठी एक सुचवतो. आपल्या भागातील भाजीवाल्या आणि ठेलेवाल्या आता यूपीआयवर पैसे घेतात, पण दिवसाची रोकड आणि मोबाइलवरची जमा यांचा मेळ अनेकींना घालता येत नाही. २०२०मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांसाठीच्या कर्जयोजनेतून कर्ज घेतलेल्यांना हप्त्याचाही हिशेब ठेवावा लागतो. दर शनिवारी दोन तास अशा तीन-चार जणींची वही लिहायला तिने बसावे, आणि वही लिहिणे त्यांच्या हाती आले की नव्या दोघींकडे वळावे. त्यांचे आकडे बाहेर कुठेही सांगू नयेत, अर्जात तर नाहीच, आणि त्यांच्यासोबतचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत. अर्थशास्त्राला अर्ज करणाऱ्या मुलीला यूकासच्या त्या तिसऱ्या प्रश्नासाठी यातून लिहिण्यासारखे खूप मिळेल. तसे तिला मनापासून आवडणारे दुसरे काही असेल, तर माझी सूचना खुशाल बाजूला ठेवावी. जबरदस्तीचे काम दोन महिन्यांत सुटते.

तिने पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी: तारीख, किती वेळ, काय घडले, काय चुकले. वर्षभरानंतर तास आठवून भरलेला अर्ज आणि वहीवरून भरलेला अर्ज यांतला फरक वाचणाऱ्याला कळतो. 'गरीब महिलांना आर्थिक साक्षरता दिली' असे लिहिण्याऐवजी 'पाच भाजीविक्रेत्यांच्या रोजच्या वह्या लिहिल्या. तिघी आता स्वतः लिहितात' असे, खरे असेल तेवढेच, लिहावे. परीक्षेच्या काळात आठवडे गेले, तर ते वजा करूनच आकडा द्यावा.

कॉमन ॲप दरवर्षी १ ऑगस्टला नव्याने सुरू होते आणि लवकरच्या फेरीची मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर असते. म्हणून बारावीचे वर्ग सुरू होताच तिने शिफारसपत्रासाठी शिक्षकांना भेटावे आणि जाताना ती वही सोबत न्यावी.