जुन्या मॅसी ३५ चे ब्रेक शू घरीच बदलता येतात का?

तुमचा ट्रॅक्टर साठच्या दशकातला मॅसी फर्ग्युसन ३५ आहे, ब्रेक दाबला की डावीकडे ओढतो, पेडल तळाला जातं आणि उसाचा हंगाम तोंडावर आलाय, असं तुम्ही लिहिलंय. शू, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या कमानी, घरी बदलता येतात, एका बाजूला अर्धा दिवस धरा. पण दुकानात जाण्याआधी उजवा ड्रम उघडून बघा. डावीकडे ओढतो म्हणजे डावा ब्रेक धरतोय आणि उजवा धरत नाही. एकाच बाजूचा ब्रेक गेला की माझा पहिला संशय ऑइल सीलवर, म्हणजे अ‍ॅक्सलमधलं तेल ड्रममध्ये येऊ न देणाऱ्या कडीवर असतो. सील गळकं ठेवून नवा लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा पट्टा, बसवला तर आठवड्यात तोही तेल पिऊन बसेल आणि पैसे पाण्यात जातील.

त्याआधी पाच मिनिटांचं एक काम. कोणाला तरी पेडल हळूहळू दाबायला सांगा आणि तुम्ही मागं बॅक प्लेटजवळच्या (ड्रमच्या आतल्या बाजूच्या, शू बसवलेल्या पत्र्याजवळच्या) लिव्हरकडे बघत बसा. पेडल दोन-तीन इंच गेलं तरी लिव्हर जागचा हलत नसेल, तर रॉडच्या पिना झिजल्यात आणि भोकं लांबट झालीत. शू बदलून हा ढिलेपणा जाणार नाही. पिना नव्या टाका, भोकं भरून पुन्हा पाडून घ्या.

आता गाडी उचलायची. सपाट, टणक जागा घ्या. हँडब्रेकवर विसंबू नका, कारण तो याच मागच्या ब्रेकवर चालतो. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनवर झुलतो, म्हणून त्याच्या आणि बॉडीच्या मध्ये दोन्हीकडून लाकडी पाचरी ठोका. चाकाचे आठही नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅक मागच्या अ‍ॅक्सल हाऊसिंगखाली, ड्रमजवळ लावा. टेकूला जाड लाकडी ठोकळेच घ्या. विटांवर ट्रॅक्टर ठेवू नका, वीट न सांगता फुटते. चाकात पाणी भरलेलं असेल तर एकट्याने चाक काढायच्या भानगडीत पडू नका.

ड्रम चपट्या डोक्याच्या दोन स्क्रूंवर असतो आणि ते गंजून बसलेले असतात. साध्या स्क्रू ड्रायव्हरनं खाच खराब होते. हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा, आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवा. ड्रम ओढण्याआधी बॅक प्लेटच्या खाचेतून आतलं दातेरी चाक फिरवून शू सैल करा. ड्रमच्या काठाला झिजेची कड आलेली असते, शू त्यात अडकतात आणि लोक मग घणानं ड्रम फोडतात. बीडाचा ड्रम आहे, गोल फिरत हलके टोले द्या.

आतली धूळ हवेनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ते छातीत गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या.

लायनर काळा, चकचकीत, बोटाला चिकट लागला तर तेल आलंच आहे समजा. तो जाळून किंवा पेट्रोलनं धुऊन परत लावायचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका. आत मुरलेलं तेल ब्रेक तापला की पुन्हा वर येतं. आधी मागच्या ऑइलची पातळी बघा, डिपस्टिकच्या खुणेपेक्षा जास्त भरलं असेल तर तेही सीलवर येतं. मग सीलकडे वळा. बेअरिंग हाऊसिंगचे बोल्ट काढून हाफ शाफ्ट (त्या बाजूचं चाक फिरवणारा दांडा) बाहेर येतो. तिथले पातळ शिम (जाडी जुळवायच्या पत्र्याच्या चकत्या) जसे निघतील तसे तारेत ओवून ठेवा, शाफ्टचा खेळ त्यांच्यावर ठरतो. शाफ्टवरची कॉलर घट्ट बसवलेली असते. ती घरी ठोकून काढायचं काम नाही, शाफ्ट प्रेस असलेल्या वर्कशॉपला द्या. सील बसते तिथं शाफ्टवर नख फिरवा. नख अडकलं तर चर पडलाय, तो भरून घेतल्याशिवाय नवं सील टिकणार नाही. आतलं आणि बाहेरचं, दोन्ही सील बदला. सीलचा ओठ तेलाकडे हवा.

शूचा आकार १४ इंच ड्रमला २ इंच रुंद. तयार शू घेता येतात, पण जुन्या शूचा पत्रा सरळ असेल तर मी नवीन लायनर रिबीट करून घेईन. कोल्हापुरात हे काम करून घेणं अवघड नाही, आणि ड्रमसाठी उद्यमनगरात लेथवाल्यांना तोटा नाही. रिबीट मधून सुरू करून टोकांकडे मारायला सांगा, नाहीतर लायनर मध्ये फुगतो. रिबीटची डोकी लायनरच्या बरीच खाली हवीत. दोन्ही बाजूंचे लायनर एकदमच बदला, आणि ड्रमला चर पडले असतील तर दोन्ही ड्रम एकाच मापाला, गरजेपुरतेच लेथवर टर्न करा. फार कापला तर शूची गोलाई ड्रमशी जुळत नाही आणि लायनर मध्येच धरतो.

बसवताना एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे स्प्रिंग कशा होत्या ते दुसऱ्या बाजूला बघता येतं. मोकळ्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत फट दिसली तर ती मेली, नवी घ्या. शू फाकवणाऱ्या कॅमला आणि शू घासतो त्या जागांना उष्णता सोसणारं ग्रीस अगदी बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. मग ड्रमच्या आत खडू घासा, ड्रम चढवून फिरवत ब्रेक हलका दाबा आणि परत काढा. लायनरवर पांढरं उमटलं तेवढंच धरतंय. उंचवटा असेल तर कानसीनं उतरवा.

अ‍ॅडजस्टमेंट करताना दातेरी चाक शू ड्रमला घट्ट लागेपर्यंत फिरवा, मग चाक हातानं मोकळं फिरेपर्यंत मागं घ्या. मागं घेतलेले खटके मोजा आणि दुसऱ्या बाजूलाही तेवढेच ठेवा. डाव्या आणि उजव्या ब्रेकची दोन्ही पेडल एका रेषेत यायला हवीत.

रिकामा ट्रॅक्टर सपाट रस्त्यावर पंधरा-वीस वेळा हळूच थांबवा, थंड होऊ द्या, पुन्हा अ‍ॅडजस्ट करा. मग पेडलांची जोडपट्टी लावून मुरमाच्या जागेत जोरात दाबा. दोन्ही चाकांचे ओरखडे सारख्या लांबीचे यायला हवेत. रस्त्यावर जोडपट्टी कायम लावलेली असू द्या. वेगात एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर उलटू शकतो.

हंगामाचं सांगतो. हे ब्रेक ट्रॅक्टर थांबवायला केलेत, मागच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या नाही. जोतिबाचा किंवा पन्हाळ्याचा उतार या गाडीनं भरून उतरू नका. साधा उतार असला तरी ज्या गिअरवर चढला असता त्याच गिअरवर उतरा, न्यूट्रल कधीच नाही. आणि आठवड्यानं बॅक प्लेटच्या खालच्या काठावरून बोट फिरवा. कोरडं असेल तर सील नीट बसलंय.